उल्हासनगरची थंडी आणि चाळीस किलोचं कासव

डिसेंबर मध्यावर आला की थंडीच्या बातम्यांत बदलापूरचं नाव हटकून येतं. कुलाब्यात लोक पंखा लावून झोपलेले असतात तेव्हा बदलापुरात पारा बारा-तेरा अंशांवर असतो, एखाद्या पहाटे दहाच्या घरातही जातो. अंबरनाथ आणि उल्हासनगर त्याच्या मागोमाग. समुद्र लांब, डोंगर जवळ आणि आभाळ निरभ्र, एवढ्यानेच हे घडतं. दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी उष्णता आभाळाकडे सोडून देते आणि डोंगरउतारावरची गार, जड हवा उल्हासच्या खोऱ्यात येऊन बसते. पण त्याच गावात दुपारी दोन वाजता तीस-बत्तीस अंश असतात. सकाळी स्वेटर घालून निघालेला माणूस शहाडच्या पुलावर घाम पुसत उभा असतो. पहाट आणि दुपार यांच्यात अठरा-वीस अंशांचं अंतर पडतं.

माणसाचं यात काही बिघडत नाही. गच्चीवर मोठं कासव पाळणाऱ्या घराला मात्र हा हिशेब रोज मांडावा लागतो. गच्चीवर म्हणायचं कारण असं, की उल्हासनगर कॅम्प २ मध्ये अंगण आता फारसं कुणाकडे उरलेलं नाही. ऑगस्ट १९४९ मध्ये गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते या वसाहतीचं नामकरण झालं, तेव्हा इथे लष्कराच्या बराकी होत्या, त्यांत फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं होती आणि मध्ये मोकळी माती होती. आज गोल मैदानापासून नेहरू चौकापर्यंत बघा, बराकींच्या जागी चार-पाच मजली इमारती आहेत. त्यामुळे कासव ‘बाहेर’ ठेवतो असं इथला माणूस म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा ते गच्चीवर असतं.

कोणतं कासव, हे आधी नक्की करू. तळ्यातलं नव्हे, जमिनीवर राहणारं आणि गवत खाणारं. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं आपल्याकडचं स्टार कासव तर नव्हेच. ते घरात ठेवणं गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ-बिबट्यांच्या रांगेत आहे. वास्तूला चांगलं म्हणून कुणी आणून देत असेल तर घेऊ नका. घरात आधीपासून असेल तर त्याच्यासाठी थंडीची सोय करत बसण्यापेक्षा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

लोकांच्या गच्चीवर वाढत असतं ते आफ्रिकेतलं सल्काटा. सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेला सेनेगलपासून इथिओपियापर्यंत पसरलेला साहेलचा कोरडा पट्टा हे त्याचं मूळ गाव. गॅलापॅगोस आणि अल्दाब्रा या बेटांवरची महाकाय कासवं सोडली तर जमिनीवरच्या कासवांत याच्याएवढं मोठं दुसरं नाही. दुकानात ते तळहातावर मावतं आणि विकणारा बिनदिक्कत सांगतो, एवढंच राहतं. पुढच्या काही वर्षांत ते दोन माणसांनी उचलायचं होतं. चाळीस किलोचा नर ही काही नवलाची गोष्ट नाही. आयुष्य सत्तर वर्षं किंवा त्याहूनही जास्त.

अशा कासवाचा मालक पहिल्या थंडीत घाबरून माहिती शोधायला बसतो आणि इंग्लंडातल्या सल्ल्यांपाशी पोचतो. तिथे लिहिलेलं असतं, कासवाला फ्रिजमध्ये ठेवा. ही थट्टा नाही. भूमध्य समुद्राभोवतीची लहान कासवं हिवाळ्यात खरोखर शीतनिद्रा घेतात. इंग्लंडातला हिवाळा कधी फार थंड, कधी मध्येच ऊबदार. म्हणून तिथले लोक नीट तयारी करून त्यांना चार-पाच अंशांवर, वेगळ्या फ्रिजमध्ये काही आठवडे झोपवतात. गिल्बर्ट व्हाइट या निसर्ग-निरीक्षकाला १७८० साली आत्याकडून मिळालेलं टिमथी नावाचं कासव याच जातकुळीचं. ते नोव्हेंबरात स्वतःला बागेच्या मातीत पुरून घ्यायचं आणि एप्रिलमध्ये वर यायचं. व्हाइटने त्याच्या इतक्या बारीक नोंदी ठेवल्या की टिमथीचं कवच आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. (टिमथी हा तो नसून ती होती, हे कळायला मात्र त्याचा मृत्यू व्हावा लागला.)

सल्काटाला ही विद्या येत नाही. साहेलमध्ये बर्फ पडत नाही, त्यामुळे महिनोन्‌महिने निजण्याची सोय त्याच्या शरीरात नाही. थंडीत ते डोकं आत घेऊन निपचित पडलं तर ती झोप समजू नये. त्याचं शरीर अडलेलं असतं.

का अडतं? कासव स्वतः उष्णता तयार करून अंग गरम ठेवू शकत नाही, ती उन्हातून घ्यावी लागते. सल्काटाचं शरीर नीट चालतं ते तिशीच्या आसपास. गवत पचवण्याचं काम त्याच्या मोठ्या आतड्यातले जिवाणू करतात, तेही तेवढ्याच तापमानाला. अंग गार झालं की पोटातलं गवत तसंच पडून राहतं, रोगाशी झगडण्याची ताकद मंदावते आणि मग छातीत बिघाड सुरू होतो. आपल्या छातीखाली असतं तसं श्वासपटल कासवाला नसतं, जोरात खोकून कफ बाहेर फेकता येत नाही. फुफ्फुसात साचलं ते साचलंच. माणसाची साधी सर्दी चार दिवसांत जाते, कासवाची थेट न्यूमोनियावर जाते, ती यामुळे.

मोठ्या कासवाच्या बाजूने एक गोष्ट आहे आणि ती म्हणजे त्याचं वजन. चाळीस किलोचं शरीर दिवसभर उन्हात तापलं की गच्चीवरच्या भरलेल्या टाकीसारखं रात्रभर हळूहळू निवत जातं. दोन किलोचं पिल्लू दिवेलागणीनंतर बघता बघता गार होतं. म्हणून पिल्लांना थंडीत गच्चीवर ठेवूच नये, त्यांची रात्र घरातच. मोठ्याची दुसरी बाजूही आहे. ते एकदा पुरतं गारठलं की पुन्हा तापायला दुपार होते, आणि चार वाजता ऊन उतरायला लागतं. असे तीन-चार दिवस लागोपाठ गेले की ते खाणं सोडतं.

भारतातला हिवाळा मोठ्या कासवाला उघड्यावर झेपत नाही असं मात्र नाही. कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयातलं अद्वैत हे अल्दाब्रा कासव १८७५ च्या सुमारास तिथे आलं आणि मार्च २००६ मध्ये गेलं. रॉबर्ट क्लाइव्हकडे ते होतं अशी कथा सांगतात, तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. पण प्राणिसंग्रहालयातली सव्वाशेहून जास्त वर्षं तर खरी. कोलकात्याची जानेवारीतली पहाट आपल्या बदलापूरच्या पहाटेहून फार वेगळी नसते. जात वेगळी, वजन अडीचशे किलोंच्या घरात, हे सगळं धरूनही एवढं म्हणता येतं की दिवसा ऊन मिळत असेल तर आपल्या थंडीची रात्र निभावून नेता येते.

सल्काटा साहेलमध्ये ती निभावतं बीळ खणून. दहा-दहा मीटर लांबीची बिळं हे कासव खणतं. जमिनीत दोन-अडीच मीटर खाली गेलं की दिवसरात्रीचा फरक जवळजवळ पुसला जातो, तिथे वर्षभरातही तापमान फारसं बदलत नाही. दुपारी चाळीसच्या उन्हातून आणि रात्रीच्या गारठ्यातून ते एकाच बिळात सुटतं. त्याचे पुढचे पाय फावड्यासारखे आहेत ते उगाच नाही. कॅम्प २ मध्ये हे बीळ कुठे खणणार? जमीन मिळालीच तर खाली मुरूम आणि काळा दगड, आणि जूनमध्ये त्यात पाणी भरणार. गच्चीवर तर पायाखाली कोबा. तेव्हा आपल्याला जे करून द्यायचंय ते बीळच आहे, फक्त लाकडाचं आणि जमिनीच्या वर. हीटर, बल्ब वगैरे त्यानंतरच्या गोष्टी.

गच्चीवर फूटभर माती टाकून त्याला खणू देऊ, असा विचार डोक्यात असेल तर तो काढून टाका. दहा बाय दहा फुटांत फूटभर माती म्हणजे साडेचार-पाच टन वजन, पावसात भिजल्यावर आणखी जास्त. उल्हासनगरात स्लॅब कोसळून माणसं गेल्याच्या बातम्या मे २०२१ मध्ये दोनदा वाचाव्या लागल्या आहेत. ज्या इमारतीचं वय आणि काम आपल्याला माहीत नाही तिच्या डोक्यावर माती चढवायची नाही.

आता पेटी. चार फूट लांब, चार फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी पेटी चाळीस किलोच्या कासवाला आत वळायला पुरते. त्याहून मोठी केली तर ती तापवत बसावं लागतं. भिंती प्लायवूडच्या, पण दुहेरी, आणि दोन प्लायच्या मध्ये दीड इंच थर्माकोल. थर्माकोल उघडा ठेवायचा नाही, कासव तो नखांनी ओरबाडतं आणि खातंही. आतलं प्लाय जाडच हवं, कारण हा प्राणी वाटेत आलेली वस्तू ओलांडत नाही, ढकलतो. तळालाही थर्माकोल हवाच आणि पेटी विटांवर किंवा लाकडी पॅलेटवर चार इंच उचललेली हवी. लोक छपराची काळजी करतात आणि तळ विसरतात. कासव पोट टेकवून झोपतं. पहाटेची कोब्याची किंवा चायना मोझॅकची फरशी त्याच्या अंगातली ऊब थेट पोटाकडून ओढून घेते, वरून कितीही पांघरूण घाला.

या दीड इंच थर्माकोलने काय होतं ते आकड्यांत बघण्यासारखं आहे. बाहेर दहा अंश असताना आत पंचवीस ठेवायचे असतील तर नुसत्या बारा मिलिमीटर प्लायच्या पेटीला माझ्या गणिताने तीनशेच्या वर वॅट लागतात. थर्माकोल घातलेल्या पेटीला, दाराच्या फटी धरूनही, शंभराच्या आत. बारा तासांचा हिशेब केला तर रात्रीला साधारण एक युनिट. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. दिवसभर उन्हात तीस अंशांपर्यंत तापलेलं चाळीस किलोचं कासव संध्याकाळी अशा पेटीत गेलं, तर हीटर न लावताही पहाटेपर्यंत ते अठरा-वीसच्या खाली सहसा उतरत नाही. मोठ्या, धडधाकट सल्काटाला पंधरा-सोळाच्या खाली जाऊ देऊ नये असं धरलं, तर आपल्याकडच्या बहुतेक रात्री पेटीच निभावते. हीटर लागतो तो बदलापूरच्या बातमीवाल्या रात्रींना, ढगाळ दिवसांना आणि आजारी कासवाला. परदेशी सल्ला वाचून आधी हीटर आणणारे आणि पेटी नंतर बघू म्हणणारे नेमकं उलट करतात.

दार दक्षिणेकडे ठेवा. हिवाळ्यात पहाटेचा गार वारा इथे जमिनीकडून, पूर्व-ईशान्येकडून येतो. दाराला शीतगृहाच्या दरवाजाला असतात तशा जाड प्लॅस्टिकच्या पट्ट्या एकमेकींवर चढवून लावल्या की कासव आपलं आपण आत-बाहेर करतं आणि ऊब टिकते. आत अंथरायला सुका पेंढा किंवा वाळलेलं गवत. बदलापूर-मुरबाडकडे भातकापणी झाल्यावर पेंढ्याला तोटा नसतो. ओला झाला की बदलायचा, बुरशीचा वास कासवाच्या फुफ्फुसाला थंडीइतकाच वाईट. आपल्या गावात फुकट मिळते ती दुसरी वस्तू म्हणजे जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांतल्या कटिंगच्या चिंध्या. त्या मात्र आत घालू नका. दोरे पायाला गुंडाळतात, पोटात गेले तर आतडं अडतं.

नुसत्या पत्र्याच्या शेडवर भिस्त ठेवू नये. पत्रा दुपारी भाजतो आणि रात्री निरभ्र आभाळाकडे उष्णता फेकून हवेपेक्षाही गार होतो. पहाटे त्याच्या आतल्या बाजूला दव जमतं आणि थेंब थेंब करून कासवाच्या पाठीवर पडत राहतं. पत्रा असेलच तर त्याच्याखाली पेटी हवी.

हीटर लावायचाच तर कसला? वरून टांगलेला बल्ब हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट. दोन फूट उंच पेटीत मोठ्या कासवाची पाठ बल्बपासून वीतभरावर येते. कवच निर्जीव नसतं, त्याच्याखाली जिवंत हाड आहे. पाठीचा मध्य भाजून निघतो, पोट गारच राहतं, आणि कासव तिथून हलत नाही कारण त्याला ऊब हवी असते. शिवाय तापलेला बल्ब, सुका पेंढा आणि थर्माकोल हे एकत्र येणं म्हणजे आगीला आमंत्रण. त्यापेक्षा बाजूच्या भिंतीला बसवलेलं, हाताला सोसेल इतकंच तापणारं कमी वॅटचं हीटिंग पॅनल बरं. त्याच्यापुढे जाळी. थर्मोस्टॅटला पर्याय नाही. कोंबडीची अंडी उबवण्याच्या यंत्राला वापरतात तो साधा थर्मोस्टॅट इथेही चालतो. त्याची तार कासवाच्या पाठीच्या उंचीवर, हीटरपासून लांब. जोडणी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, वायर पाइपातून न्या आणि लाइनला ईएलसीबी आहे का ते विचारा. दव पडलेल्या गच्चीवर उघडी जोडणी कासवाच्या आधी आपल्याला गाठते. कोळशाची शेगडी बंद पेटीच्या आसपासही नको, तिचा वायू जीव घेतो. डासांची कॉइलही आत लावायची नाही.

रात्रीचं जमलं की दिवसाचं सोपं असतं, फक्त ऊन कुठे पडतं ते बघायला हवं. डिसेंबरच्या अखेरीस आपल्या अक्षांशावर भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सत्तेचाळीस अंशांच्या आसपासच चढतो आणि तोही दक्षिणेला. दहा फुटी भिंतीची सावली तेव्हा उत्तरेला नऊ फुटांवर जाते. पाण्याच्या टाकीच्या किंवा जिन्याच्या खोलीच्या उत्तरेला पेटी ठेवली तर महिनाभर तिला दुपारचं ऊन लागणारच नाही. मे महिन्यात निवडलेली जागा डिसेंबरात पुन्हा तपासावी ती यासाठी.

खाणं सकाळी, ऊन अंगावर आल्यावर. पुढे दिवसभर पचायला वेळ मिळतो. संध्याकाळी पोटभर घालून गार रात्रीत सोडू नये. मुख्य खाणं गवत, ओलं किंवा वाळलेलं. पोळी, भात, केळं हे प्रेमाने भरवायचे पदार्थ त्याच्या आतड्याला चालत नाहीत. टाकीचं पहाटेचं गार पाणी अंगावर ओतून कासव धुणं बंद. कोमट पाण्यात बसवायचं तर बारा-एकच्या सुमारास, म्हणजे तीन वाजेपर्यंत ते खडखडीत कोरडं होतं. ओलं अंग रात्री दुप्पट गारठतं. संध्याकाळी पाच वाजता ते पेटीत आहे ना एवढं बघायचं. सुरुवातीचे काही दिवस ढकलून न्यावं लागतं, मग सवयीने स्वतः जातं. रात्री दार बंद करा, कारण गारठलेल्या कासवाला पाय हलवता येत नाही आणि घुशींना ते कळतं.

नाकातून फुगे येणं, तोंड उघडं टाकून किंवा मान लांब ताणून श्वास घेणं, श्वासाबरोबर घरघर, उन्हात बसूनही खाण्याकडे न बघणं यांपैकी काही दिसलं तर हळद-तेलाचे उपाय करत बसू नका. कासवाची ऊब वाढवा आणि कासवं तपासणारा पशुवैद्य गाठा. कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक डॉक्टर कासव बघतोच असं नाही, तेव्हा आजारी पडायच्या आधीच विचारून ठेवलेलं बरं. परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. पण चाळीस किलोचं कासव घेऊन लोकलने परळ गाठता येत नाही, टेम्पोचा विचार आधी करून ठेवा.

थंडीचं एवढं सांगितलं, तरी माझ्या मते उल्हासनगरात सल्काटाचा खरा कठीण काळ हिवाळा नाही, पावसाळा आहे. साहेलमध्ये वर्षभरात पडतो त्याच्या कितीतरी पट पाऊस इथे चार महिन्यांत कोसळतो. जुलैत दहा-दहा दिवस ऊन दिसत नाही, तापमान पंचवीसवर अडकून बसतं आणि फरशी वाळत नाही. डिसेंबरात रात्र गार असली तरी दुपार भरपाई करते, जुलैत ती दुपारच येत नाही. हिवाळ्यासाठी बांधलेली पेटी, तिचं छप्पर नीट उतरतं केलं आणि जलरोधक केलं तर, पावसाळ्यातच जास्त कामाला येते. हीटरचे तासही तेव्हाच जास्त लागतील.

शेवटी कागदपत्रं. सल्काटा निसर्गात संकटात आहे आणि रानातून पकडलेल्या सल्काटाची व्यापारी निर्यात २००० सालापासून आंतरराष्ट्रीय कराराने शून्यावर आणलेली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने अशा परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियम काढले, त्यानुसार ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर नोंद करावी लागते. कासव दुसऱ्याला दिलं तर तेही कळवावं लागतं. हा मुद्दा किरकोळ वाटेल, पण आज चाळिशीत असलेल्या माणसाने आणलेलं पिल्लू त्याच्या मागे कुणाला तरी सांभाळावं लागणारच आहे. ते कोण सांभाळणार हे घरात आधी ठरवा आणि मगच कासव आणा.